लाइटमामा

परंड्याच्या बाजारात मामांचं खरं नाव विचारलंत तर समोरचा आधी वर तारांकडे बघेल, मग तुमच्याकडे, आणि म्हणेल, "कोन, लाइटमामा का?" मामा बोर्डाचे नोकर नव्हेत. ते खासगी वायरमन. पण हा फरक गावाला मान्य नाही. लाइट गेली की लोक बोर्डात फोन लावायच्या आधी मामांचा उद्धार करतात, आणि मामाही तो हक्काचा असल्यासारखा ऐकून घेतात. खिशात पेनाच्या जागी टेस्टर, कमरेला पक्कड, पायांत बारा महिने रबरी स्लिपर. लग्नालाही तीच.

मामांची इंग्रजी एका शब्दाची. तेवढीच त्यांना जन्मभर पुरली. वीज म्हणजे लाइट, बल्ब म्हणजे लाइट, मोटारसायकलचा दिवा म्हणजे लाइट, इथपर्यंत सगळा महाराष्ट्र त्यांच्याबरोबर आहे. पुढे मामा एकटे निघतात. टपरीवर "साखर लाइट". सलूनमध्ये "मिशा लाइट". डॉक्टरांपुढे "पोटात लाइट दुखतंय". उधारी मागायला आलेल्याला "लाइट घ्या की वो, पळून चाललोय का?" सोनारीला भैरवनाथाच्या दर्शनाला गेले, तिथल्या माकडानं पिशवीला हात घातला, तर घरी येऊन सांगतात, "माकड लाइट हुतं, पिशवी हेवी हुती, म्हनून वाचली." हेवी हा दुसरा शब्द मोजायचा नाही. तो लाइटची उलटी बाजू म्हणून आपसूक आलेला आहे, आणि मामा तो किल्ल्यासाठी राखून ठेवतात. मलिक मैदान तोफ एके काळी परंड्याच्या किल्ल्यात होती. ओतली अहमदनगरात, 1549 साली. 1632 मध्ये ती विजापूरला गेली. वजन सुमारे 55 टन. पाहुण्यांना किल्ला दाखवताना मामा रिकाम्या बुरुजावर उभे राहून हा हेवी माल नेल्याबद्दल विजापूरकरांवर अजून डाफरतात.

लाइट स्त्रीलिंगी का, याचंही उत्तर त्यांच्याकडे तयार आहे. "जाती, येती, रुसती, कवा येनार ते सांगत न्हाय." हे ते मामी शेजारी नसताना बोलतात. एकदा मामी दारातच होत्या. त्या म्हणाल्या, "आन् ती गेल्यावर शिव्या खानारा वायरमन पुल्लिंगीच आसतो." त्या दिवशी मामांनी लाइट घेतलं.

पण या शब्दानं एकदा घर पेटायची वेळ आली होती. भाचीसाठी करमाळ्याकडचं एक स्थळ बघायला मामांना पाठवलं. माणूस जाणता, चार घरांत वावरणारा. मामा संध्याकाळी परतले, हातपाय धुतले आणि निकाल दिला, "पोरगं चांगलं हाय. मान्सं लाइट हायती."

झालं. बहिणीनं त्याचा अर्थ 'हलकी माणसं' असा घेतला आणि डोळ्यांना पदर लावला. मेहुणे म्हणाले, लाइट म्हणजे देण्याघेण्याचा भार टाकणारी नसतील, चांगलंच आहे की. शेजारच्या काकूंनी परस्पर ठरवलं की घरात उजेड आहे, म्हणजे शिकलेली असणार. थोरल्या भावानं लाइट म्हणजे फिका रंग असं धरलं आणि मुलगा गोरा असल्याची बातमी परस्पर भूमला पोचवली. मामा जेवत होते. त्यांना विचारावं असं रात्रीपर्यंत कुणाला सुचलं नाही, कारण समजलं होतं सगळ्यांनाच. शेवटी भाचीच उठली. "मामा, लाइट म्हंजी नेमकं काय ओ?" मामांनी घास खाली ठेवला. "आगं, लोड लाइट हाय. दोन पंखं, चार बल्ब, एक टीव्ही. मीटर बघितला मी. फिरतच न्हाय." परक्या घराची पारख मीटरवरून करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, पण पारख खोटी ठरली नाही. लग्न झालं. मंडपाची लाइट अर्थात मामांची.

सुट्टीवर आलेल्या एका जवानाच्या दारावरची पाटी वाचून तर मामांना भरून आलं होतं. मराठा लाइट इन्फंट्री! "म्हंजी आपल्याच खात्यातलं की तुमी." 1768 पासूनची ही पलटण, बेळगावला तिचं केंद्र, आणि तिच्यातला लाइट म्हणजे कमी ओझ्यानं चपळ हालणारं पायदळ, हे जवानानं परोपरीनं सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं आणि जाताना त्याच्या अंगणातला बल्ब फुकट बदलून दिला. खात्यातला माणूस म्हणून.

मामांचं खरं वैर इंग्रजीच्या निवृत्त सरांशी. सर म्हणतात, "मामा, वीज म्हणा, दिवा म्हणा, उजेड म्हणा, हलकं म्हणा, फिकं म्हणा. शब्द काय महाग झालेत?" मामा म्हणतात, "सर, तेवढ्याला तेवढी बटनं लागत्यात. माजं समदं एका बटनावर चालतंय."

एकदा विषय बार्शी लाइट या जुन्या रेल्वेवर गेला. रेल्वे परंड्याला कधी आलीच नाही, गाडी पकडायला बार्शी नाहीतर कुर्डुवाडी गाठायची. मामांचं म्हणणं, गावात लाइट नव्हती तेव्हा गाडीत होती, म्हणून बार्शी लाइट. सरांनी कपाळाला हात लावला. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं 1897 मध्ये ती सुरू केली, रूळ अडीच फुटांचे, आसावर भार पाच टनांचा, म्हणजे हलकी रेल्वे, लाइट रेल्वे.

"मंग हलकी म्हनायचं त्यानं."

"अहो, इंग्रज तो. लाइटच म्हणणार."

"बघा. सायबालाबी दुसरा शब्द घावला न्हाय."

सर इरेला पेटले. म्हणाले, हे मुळात दोन वेगळे शब्द, इंग्रजीत झिजून एकसारखे झालेत. उजेडाच्या लाइटचं नातं संस्कृतातल्या रुच् धातूशी, म्हणजे चमकणं. वजनाच्या लाइटचं नातं लघुशी, आणि आपला हलकाही त्या लघुतूनच आलेला.

मामांनी टेस्टर कानामागे खोचला. त्यांच्या डोक्यात काहीतरी पेटत होतं, जुन्या ट्यूबसारखं, दोनचारदा फडफडून.

"लघु म्हंजी लाइट?"

"हो."

"बोर्डाच्या कागदावर लघुदाब लिवत्यात, तेच?"

"तेच. शाब्बास!" आयुष्यात पहिल्यांदा सर मामांवर खूश झाले.

मामा उठले, स्लिपर चढवली. "मंग थांबा सर, आलोच. मला जरा लाइट शंका आलीया."