बेडूककाका

जानेवारीत हॅरोला बेडूककाकांकडे जायचं तर स्वेटर घालून जावं, आणि घरात शिरल्यावर तो काढू नये. लंडनच्या त्या थंडीत काका घराचं हीटिंग 17 अंशांच्या वर जाऊ देत नाहीत. पैसे काय झाडाला लागतात? हॉलच्या कोपऱ्यातल्या उंच काचपेटीत मात्र दिवसा 27 अंश, रात्री 22. तिथे ऑस्ट्रेलियातल्या जातीचे दोन गुबगुबीत, हिरवेगार झाडबेडूक राहतात. मोठा आणि धाकटा. नातू कॉलेजला जाताना ते ठेवून गेला. ही जात पंधरा-वीस वर्षं सहज जगते, हे सांगायचं तेवढं राहिलं.

काकांची सगळी नोकरी बॉयलरांवर देखरेख करण्यात गेली, त्यामुळे विश्वास फक्त काट्यावर. पेटीत वर एक तापमापक, खाली एक, आणि ते दोघं खरं बोलतात का हे बघायला तिसरा. हीटपॅड बाहेरून, बाजूच्या काचेला, तोही थर्मोस्टॅटवर. ‘‘आत एखादा तापणारा दगडच ठेवला तर?’’ असं कुणी विचारलं, की त्याचा चहा गार झालाच म्हणून समजा. ‘‘अहो, हा पोटानं चिकटून बसणारा प्राणी. भाजलं तरी चटकन हलत नाही!’’ मग पाण्याचं पुराण. बेडूक पाणी कातडीतून शोषतो, म्हणून क्लोरीन घालवल्याशिवाय नळाचं पाणी आत जात नाही. तळाला खडी नको, घासाबरोबर गिळली तर आतडं अडतं. रात्री उरलेले रातकिडे वेचून काढायचे, नाहीतर ते उलटे बेडकालाच चावतात.

खाणं जास्त झालं, की या जातीच्या डोळ्यांवर चरबीच्या वळ्या लोंबायला लागतात. ‘‘मोठ्याच्या डोळ्यांवर चरबी चढलीय,’’ काका गंभीरपणे सांगतात. ‘‘घरात तो एकटाच नाही,’’ काकू आतून म्हणतात.

एकदा संध्याकाळी वीज गेली. काकांनी हवेला फट ठेवून पेटीभोवती घरातली पांघरुणं गुंडाळली, वर लेकीच्या बाळंतपणात शिवलेली गोधडी घातली, आणि काकूंच्या गुडघ्यावरची गरम पाण्याची पिशवी काढून, टॉवेलात गुंडाळून, काचेला टेकवली. काकूंनी विचारलं, ‘‘आणि मी?’’

‘‘तो थंड रक्ताचा गं. त्याला ऊब बाहेरून द्यावी लागते. तुझी तू तयार करतेस.’’

काकूंनी मुकाट्यानं खुर्ची उचलली आणि पेटीला खेटून बसल्या. काकांनी टॉर्च मारून तिन्ही तापमापक पाहिले.

‘‘जरा लांब सरक,’’ ते म्हणाले, ‘‘तुझ्यामुळे रीडिंग चुकतंय.’’