काच दिसता कामा नये

दिवाळीच्या कार्यक्रमाहून रात्री उशिरा परतलो. गाडी घरासमोर रस्त्याच्या कडेला लावली, कुलूप घातलं, दाराची मूठ रीतसर तीनदा ओढून पाहिली आणि निर्धास्त झोपलो. सकाळी दूध आणायला बाहेर पडलो, तर गाडीच्या डाव्या दाराला काच नव्हती. म्हणजे काच होती, पण सीटवर होती. कुणीतरी किलोभर खडीसाखर ओतून ठेवावी तशी.

"अहो, काय काय गेलं?" ही दारातूनच म्हणाली.

मी पंचनामा केला. रेडिओ जागेवर होता, पण तो गेली अनेक वर्षं गप्पच आहे आणि चोराला त्यातलं कळत असावं. गेली होती फक्त छत्री. सीटमागच्या फळीवर कार्यक्रमातून परत आणलेला चिवड्याचा डबा होता. त्याचं झाकण काढून बाजूला ठेवलेलं होतं. चिवडा जसाच्या तसा.

छत्रीचं मला फारसं वाटलं नाही. नोव्हेंबरात, इंग्लंडात, छत्रीची चोरी ही चोरी नसून गरज आहे. पण ऐन थंडीत, मध्यरात्री, पकडलं जाण्याची जोखीम घेऊन आलेल्या माणसाने डबा उघडून, पारखून, चिवडा नापसंत केला, हे हिला लागलं. विम्याच्या फॉर्ममध्ये अशा नुकसानीसाठी रकाना नसतो.

गाडी म्हणजे 1972 सालची एमजीबी. दोन सीटांची, कापडी टपाची. चाळीस वर्षं इथल्या इस्पितळांत लोकांची पोटं उघडून झाल्यावर मी निवृत्त झालो. माझ्याबरोबरचे लोक गोल्फ खेळायला लागले, मी हे लोखंड घेतलं. "डोक्यावर छप्पर हवं म्हणून आपण इतकी वर्षं घराचे हप्ते फेडले," ही तेव्हा म्हणाली होती, "आणि आता छप्पर नाही म्हणून जास्त पैसे मोजताय?"

शेजारच्या वृद्ध गृहस्थांची हयात जुन्या गाड्यांखाली आडवं पडून गेली आहे. ते सावकाश आले, सीटवरच्या खडीसाखरेकडे पाहिलं आणि मला एकच प्रश्न विचारला. "कुलूप घातलं होतं?"

"अर्थात!" मी म्हणालो.

"तेच चुकलं."

मग त्यांनी मला उघड्या टपाच्या गाडीचं शहाणपण सांगितलं. ज्या गाडीचं छप्पर भाजी चिरायच्या सुरीनेही फाडता येतं, तिला कुलूप घालून चोर थांबत नाही. फक्त आपला खर्च वाढतो. तो टप फाडतो नाहीतर काच फोडतो. म्हणून मोलाची वस्तू आत ठेवायची नाही आणि दार उघडं ठेवायचं. त्याला हवं तर त्याने सभ्यपणे दार उघडून बघावं, काही नाही म्हणून सभ्यपणे लावून जावं.

हे पटायला सोपं आणि करायला महाकठीण. मी ज्या घरात वाढलो तिथे गावाला निघताना कुलूप लावल्यावर आधी वडील ओढून बघत, मग काका आणि एसटी स्टँडवर पोहोचल्यावर आजीला शंका येई म्हणून मला परत पळवत. कुलूप न ओढता निघणं म्हणजे देवाला नमस्कार न करता निघण्यासारखं. तो संस्कार मी सातासमुद्रापार आणला, तीनदा ओढून पाहिला आणि त्याची शिक्षा म्हणून माझी काच फुटली.

गंमत म्हणजे एमजीच्या घराण्यातल्या गाड्यांना कुलुपाचं वावडं जुनंच. एमजीबीच्या आधीची एमजीए, ऑक्सफर्डशायरमधल्या ॲबिंग्डनच्या त्याच कारखान्यात 1955 ते 1962 या काळात लाखभर बनली. तिच्या उघड्या टपाच्या गाडीला बाहेरून दाराची मूठच नव्हती! आत एक दोरी असे. बाजूने हात आत घालायचा, दोरी ओढायची, दार उघडायचं. आमच्या गावाकडच्या परड्याच्या फाटकाची हीच पद्धत होती, फक्त त्यासाठी कुणी पौंड मोजले नव्हते. त्या गाडीला वरखाली होणाऱ्या काचाही नव्हत्या. चौकटीत बसवलेल्या पर्स्पेक्सच्या झापा असत. पाऊस आला की थांबायचं, सीटमागून त्या काढायच्या, दाराला लावायच्या, तोवर भिजून झालेलं असायचं. ते प्लॅस्टिक पुढे पिवळं पडे, त्यावर ओरखडे उठत आणि बाहेरचं जग मोतीबिंदू झाल्यासारखं दिसे.

1962 मध्ये एमजीबी आली ती हँडल फिरवून वरखाली होणाऱ्या खऱ्याखुऱ्या काचा घेऊन. 1980 पर्यंत, मागे बंद टपाची जीटी धरून, अशा पाच लाखांवर गाड्या बनल्या. म्हणजे माझी जी काच फुटली ती या घराण्यात आलेली पहिली चैन होती.

फुटण्याची रीत मात्र खानदानी. दाराची काच साधी नसते, टफन केलेली असते. आधी हव्या त्या आकारात कापतात, कडा घासतात, मग सहाशे अंशांच्या वर तापवून दोन्ही बाजूंनी गार हवेचे झोत सोडतात. वरचा थर आधी थिजतो. आतला गाभा मागाहून निवतो, आकसू बघतो, पण वरचा थर त्याला आकसू देत नाही. त्यामुळे पृष्ठभाग कायम दाबाखाली आणि पोट कायम ताणाखाली. लग्नघरातल्या वधूपित्यासारखी अवस्था. बाहेरून कितीही थापा मारा, हसतमुख. कडेला कुठे नखाएवढा टवका उडाला की आतला सगळा ताण एकदम सुटतो आणि उरतात फक्त अक्षता. दाणे बोथट असतात, माणूस सहसा कापला जात नाही, हा त्यातला उपकार. अशी काच एकदा तयार झाली की पुन्हा कापता येत नाही. त्यामुळे कोपऱ्यावरच्या काचवाल्याकडे जाऊन "एवढी द्या" म्हणायची सोय नाही. नेमक्या त्या दाराची, त्याच आकाराची काच शोधावी लागते.

ती मिळते, हे इथलं नवल. माझ्या पाच वर्षांपूर्वीच्या फोनचा भाग मागितला तर दुकानदार मला पुराणवस्तू समजतो, पण या गाडीचं 1988 पासून अख्खं बॉडीशेलसुद्धा पुन्हा नवं बनवून मिळू लागलं. मी तरी काटकसर म्हणून जुन्या भागांच्या बाजारातून वापरलेली काच आणली. घोंगडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, तान्ह्या बाळाला घरी आणावं तशी.

काच बसवण्याआधी दार उघडावं लागतं. म्हणजे दाराच्या आतलं दार. हँडलचा स्क्रू काढला, आतलं पॅनल क्लिपांतून एकेक करून सोडवलं, त्यामागचं प्लॅस्टिक सोललं आणि आत बॅटरी मारली. तळाशी ओंजळभर अक्षता! व्हॅक्युमने ओढल्या, हातमोजा घालून वेचल्या, दार हलवलं, तर पुन्हा खुळखुळ. शेजाऱ्यांनी सांगितलं होतं की दाराच्या बुडाशी पाणी निथळायला भोकं असतात. तिथे दाणे अडकले तर पाणी साचतं आणि चोराने अर्धवट टाकलेलं काम गंज पुरं करतो. मी भोकं तारेने मोकळी केली.

मग ती आणलेली काच घोंगडीतून काढली आणि "आता पॅनल जरा बाजूला सारू" म्हणून क्षणभर गॅरेजच्या सिमेंटच्या जमिनीवर, कोपऱ्यावर, हलकेच टेकवली.

इथे मला सांगितलं पाहिजे की रूपर्टच्या थेंबांविषयी मी वाचलेलं होतं. सतराव्या शतकात रूपर्ट नावाच्या राजपुत्राने ते इंग्लंडात आणले. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात पाडून थिजवायचा. त्याच्या डोक्यावर हातोडा घातला तरी तो दाद देत नाही, पण त्याची बारीक शेपटी मोडली की अख्ख्या थेंबाचं पीठ होतं. राजा दुसऱ्या चार्ल्सने 1661 मध्ये ते रॉयल सोसायटीच्या विद्वानांपुढे ठेवले. काचेचं मर्म मध्यभागी नसतं, कडेला असतं, हे साडेतीनशे वर्षांपूर्वीपासून जगाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं.

फट् असा आवाज झाला. माझ्या हातात घोंगडी उरली.

आवाज ऐकून ही आली. खाली बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "निदान त्याला घाई तरी होती."

दुसरी काच नवी आणली. किती पडले ते सांगत नाही. एवढंच सांगतो की तेवढ्यात मला छत्र्यांचं लहानसं दुकान टाकता आलं असतं.

ही काच मी घोंगडीवरच ठेवली आणि दाराच्या वरच्या फटीतून अल्लाद आत सोडली. आता उरलं होतं एकच काम. हँडल फिरवलं की आतला एक लोखंडी हात वर येतो. आपल्याकडचे मेकॅनिक या सगळ्या जुळणीला 'काचेचं मशीन' म्हणतात. त्या हाताच्या टोकाला छोटं चाक असतं, ते काचेच्या बुडाशी असलेल्या पन्हाळीत बसवायचं. ते बसलं की काच वरखाली होते, नाही बसलं तर काच दारात नुसती उभी राहते.

दाराच्या पत्र्याला ठेवलेलं भोक एवढंसं. माझा हात मनगटापर्यंत गेला आणि अडला. मी दुर्बिणीने पित्ताशयं काढली आहेत, पोटात कुठे काय असतं ते डोळे मिटून सांगेन, पण त्या दारात तासभर चाचपडून मला ते चाक सापडेना. बोटांची सालं निघाली. पेशंट शांत होता, सर्जनचं ब्लडप्रेशर वाढलं होतं.

रविवार होता. आठ वर्षांची नात आली होती. ती माझ्या शेजारी उकिडवी बसली आणि म्हणाली, "आजोबा, माझा हात छोटा आहे."

हे वाक्य मी साठ वर्षांपूर्वी ऐकलं होतं, फक्त तेव्हा ते आजी म्हणायची. "तुझा हात लहान आहे, ये इकडे." कराडजवळच्या आमच्या गावात तेव्हा वीज यायची होती. घरात प्रभाकर कंदील होते, जवळच्याच ओगलेवाडीच्या काच कारखान्यातले. दिवेलागणीआधी त्यांच्या काचा पुसायच्या. मोठ्यांचे हात त्या गोल काचेत जात नसत, म्हणून ते काम घरातल्या लहानात लहान माणसाचं. चुलीतली चाळलेली राख, जुन्या लुगड्याची मऊ चिंधी, काच मांडीवर धरून आत हात घालायचा आणि मूठ हळूहळू फिरवायची. फुटली तर बाजाराच्या दिवसापर्यंत एका खोलीत अंधार, हे माहीत असायचं, त्यामुळे श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. झालं की आजी काच प्रकाशाकडे धरायची आणि बहुतेक वेळा परत द्यायची.

"अजून काच दिसतेय."

"काच आहे म्हटल्यावर दिसणारच की गं!"

"दिसता कामा नये. ज्योत दिसली पाहिजे."

नातीला मी जाड रबरी मोजा घातला, तो तिच्या कोपरापर्यंत आला. आत पुन्हा एकदा बॅटरी मारून दाणे नाहीत याची खात्री केली. मग तिचा हात दारात शिरला, खांद्यापर्यंत गेला. गाल पत्र्याला टेकला, डोळे मिटले गेले, जिभेचं टोक बाहेर आलं.

"चाक सापडलं! चिकट आहे."

"ग्रीस लावलंय त्याला. आता वर एक पन्हाळ लागेल."

"पन्हाळ म्हणजे?"

पन्हाळ कधीच न पाहिलेल्या मुलीला पन्हाळ कशी सांगायची? "त्या चाकाचं घर," मी म्हणालो. "त्याला त्याच्या घरात ढकल."

टक् असा आवाज झाला. चाळीस वर्षांत कुठल्याही ऑपरेशननंतर मला इतकं हलकं वाटलं नव्हतं. नातीने हँडल फिरवलं आणि काच तसूतसूने वर येत टपाच्या रबराला जाऊन भिडली. आम्ही बागेच्या पाइपने पाणी मारून पाहिलं. एक कोपरा ठिबकला, स्क्रू सैल करून काच किंचित कलती केली, पुन्हा पाणी मारलं. आत कोरडं. मग तिने जुन्या फडक्याने काच पुसली. मी ती प्रकाशाकडे तोंड करून पाहिली. पलीकडे कुंपण दिसलं, ओलं गवत दिसलं, शेजारी हात हलवताना दिसले. काच दिसली नाही.

"आता फेरी!" नात म्हणाली.

ऊन पडलं होतं. नोव्हेंबरातलं इंग्लंडातलं ऊन, म्हणजे बँकेच्या चुकीने खात्यात आलेले पैसे. परत घेण्याआधी खर्च करावेत. टप मागे दुमडला, दोघांनी कानटोप्या घातल्या आणि गाडी सुरू करण्याआधी मी सवयीने पहिली गोष्ट केली ती म्हणजे दोन्ही काचा खाली घेतल्या.

"आजोबा!" ती ओरडली. "आत्ताच तर वर केली!"

उत्तर द्यायला गेलो आणि मलाच हसू आलं. तीन आठवडे, दोन काचा, माझ्या चार बोटांची सालं आणि तिचा एक अख्खा हात खर्च करून जी बसवली, ती दाराच्या पोटात गडप. या गाडीत काचेचे सगळ्यांत चांगले दिवस ते, ज्या दिवशी ती कुणाला दिसतच नाही. आजीच्या कसोटीला अखेर पूर्ण उतरलो, ते असं.

त्या रात्री गाडी घरासमोर लावली. ही बाहेर आली ती हातात डबा घेऊन. तिने तो सीटवर मधोमध ठेवला, झाकण जरा सैल केलं. "या खेपेला लसूण जास्त घातलाय," एवढंच म्हणाली.

मी कुलूप घातलं नाही. दाराची मूठ मात्र ओढून पाहिली, एकदाच. दार उघडलं. निर्धास्त झोपलो.