हपुषा आणि कोरा चहा

परळीच्या स्टँडवर लिंबू पिळलेला कोरा चहा मागितला, की टपरीवाला आधी विचारतो, "पोट बिघडलंय का?" तोच चहा आणि लिंबाची साल मद्यार्कात भिजवली की तिची ‘क्राफ्ट जिन’ होते आणि पिणारा डोळे मिटून ‘नोट्स’ सांगू लागतो. ‘जैसलमेर’ नावाच्या जिनमध्ये दार्जिलिंगचा हिरवा चहा आहे, संत्र्या-लिंबाची साल आहे. वाळवंटाचं म्हणाल तर नाव. गोव्याच्या ‘हापुसा’ला आम्ही आंबा समजलो होतो. निघालं हपुषा, म्हणजे जुनिपर! त्याच्या फळांवाचून जिन होत नाही, आणि आमच्या वैद्यांच्या बरणीत ते पोटासाठीच पडून होतं. हे वैद्यनाथाच्या गावाला कळू नये? इथल्या लिंगात तर धन्वंतरी आणि अमृत दडल्याची कथा सांगतात. मळीपासून मद्यार्क होतो, आणि ऊस काय, परळीला नवा नाही. अडचण कायद्याची: तो १९४९ चा, नाव दारूबंदीचं. पिण्याचा परवानाही त्याच कायद्याखाली मिळतो म्हणा! असो. कोराच द्या, लिंबू जरा जास्त पिळा. पोट ठीक आहे हो.