घोडीला आलेलं स्थळ

गेल्या आषाढातल्या एका पहाटे सव्वापाचला मी बायकोला हलवून उठवलं आणि म्हणालो, "झाली एकदाची मोकळी. शिंगरू झालं. मादी आहे."

"दोघी बऱ्या आहेत ना?" तिनं डोळे न उघडता विचारलं आणि कूस बदलली. मग एकदम उठून बसली. "कोण मोकळी झाली?"

"कोजागिरी."

"अगबाई! मग मला आधी नाही का उठवायचं?"

इथे खुलासा करायला हवा. कोजागिरी ही आमची घोडी. आम्ही राहतो कोथरूडला, तिसऱ्या मजल्यावर. आमच्या सोसायटीत मांजर पाळायचं म्हटलं तरी सर्वसाधारण सभेत ठराव येतो. त्यामुळे कोजागिरी माझ्या लॅपटॉपात राहते. शर्यतीचे घोडे पैदा करायचे, वाढवायचे आणि पळवायचे, असा खेळ इंटरनेटवर खेळणाऱ्यांचा एक क्लब आहे. मी दोन वर्षांपासून त्याचा सभासद आहे. घोडे खोटे, पैसे खोटे, गवत खोटं. जागरणं तेवढी खरी.

आमच्या घराण्यात रेस हा शब्द उंबऱ्याच्या आत काढायची सोय नव्हती. पुण्यातलं रेसकोर्स १८३० सालचं, आणि आमच्या घराचा पैसा तिथे न्यायला सुरुवात केली माझ्या चुलत आजोबांनी. पुण्याचा हंगाम जुलै ते ऑक्टोबर, म्हणजे बरोबर चातुर्मासाच्या तोंडावर सुरू होणार. आजोबा धार्मिक होते. दर वर्षी चातुर्मासात त्यांनी कांदा-लसूण सोडलं, रेस काही सोडली नाही. कँपात जाताना टांग्यानं जायचे, येताना शनिवार पेठेपर्यंत पायी. आजी म्हणायची, ह्यांना दगा न दिलेला घोडा एकच, टांग्याचा.

या पार्श्वभूमीवर मी चौतीस वर्षं बँकेत कर्जविभागात काढली आणि तारणाशिवाय कोणावर विश्वास ठेवला नाही. निवृत्त झाल्यावर दिवसभर हिच्या मागेमागे करून डाळीच्या डब्यांवर तारखा लिहायला लागलो, तेव्हा परदेशातल्या चिरंजीवांनी हा उपाय काढला. "बाबा, यात पैसे जात नाहीत," तो म्हणाला. आजोबांच्या काळी ही सोय असती, तर आमचा वाडा अजून आमचा असता.

क्लबात शिरताना प्रत्येकाला एक घोडी आणि ५० हजार नाणी मिळतात. खेळातला महिना आपल्या पाच दिवसांचा. बाकी सगळा कारभार खऱ्या घोड्यांसारखा. घोडी अकरा महिने गाभण राहते, म्हणजे आपले पंचावन्न दिवस. वेग, दम, स्वभाव, ओल्या गवतावर पळण्याची आवड हे सगळं आईबापांकडून येतं, पण कोणाकडून काय आलं ते लपवलेलं असतं. ते कळायला शिंगरू मोठं होऊन पळावं लागतं. थोडक्यात, कर्ज दिल्यावर कर्जदार कळतो तसं.

आयुष्यभर सावध राहिलेला माणूस बिघडला की नेटानं बिघडतो. मी ५० हजारांतली ४५ हजार नाणी एका खानदानी घोड्याच्या फीवर उडवली. त्याची वंशावळ वाचताना ऊर भरून येत होता. बाप डर्बीविजेता, आजोबा डर्बीविजेता, पणजोबांचा पुतळा.

शिंगराचं नाव मी आधीच ठरवून ठेवलं होतं, शनिवारवाडा सुलतान. पण शर्यतीच्या घोड्याचं नाव मोकळ्या जागा धरून अठरा रोमन अक्षरांच्या पुढे जाता कामा नये, असा खऱ्या जगातला नियम आहे आणि क्लब तो कसोशीनं पाळतो. माझी एकोणीस भरली. एका अक्षरासाठी वाडा आणि सुलतान दोन्ही गेले. त्या संतापात जेवलो, आडवा झालो, आणि उठल्यावर सुचलं ते नाव देऊन टाकलं: वामकुक्षी. नऊ अक्षरं. नाव ठेवताना माणसानं पूर्ण जागं असावं.

दुसरा घोटाळा तारखेचा. शर्यतीच्या जातिवंत घोड्यांत उत्तर गोलार्धातल्या प्रत्येक घोड्याचा वाढदिवस १ जानेवारीलाच धरतात, प्रत्यक्षात तो कधीही जन्मो. आमच्या वेळच्या अर्ध्या वर्गाची जन्मतारीख गुरुजींनी १ जून लावली होती, तसंच. म्हणून शहाणे लोक शिंगरू वर्षाच्या सुरुवातीला होईल अशा बेतानं घोडी दाखवतात. मी घाई केली आणि वामकुक्षी २७ डिसेंबरला जन्मला. सकाळी नऊला जन्मलेलं ते पोर दुसऱ्या दिवशी आम्ही उठायच्या आत कायद्यानं एक वर्षाचं झालं. पुढे ते पळालं ते आपल्यापेक्षा अकरा-अकरा महिन्यांनी मोठ्या पोरांबरोबर. बँकेत ३० मार्चला रुजू झालेल्या माणसाला वर्षभराचं उद्दिष्ट विचारावं, तशी त्याची गत.

शर्यती आपल्या वेळेनुसार रात्री साडेनऊला. पडद्यावर ओळीमागून ओळ उमटत जाते, घोडे दिसत नाहीत. पहिल्या शर्यतीची वामकुक्षीबद्दलची पहिली ओळ होती, "सुटताना उशीर." शेवटची ओळ, "बारांत बारावा." मधे त्याचा उल्लेख नव्हता. आयर्लंडच्या एका सभासदानं त्याच्या नावाचा अर्थ विचारला. मी लिहिलं, जेवणानंतर डाव्या कुशीवर घेतलेली झोप. त्यानं उत्तर दिलं, "तरीच."

सात शर्यती झाल्या, सातही वाया. मी मोठ्या लोकांच्या दुःखात दिलासा शोधायला लागलो. २००६ मध्ये फ्लोरिडातल्या लिलावात ग्रीन मंकी नावाचं दोन वर्षांचं पोर १ कोटी ६० लाख डॉलरला गेलं. ते तीनदा पळालं, एकदाही जिंकलं नाही. जपानची हारु उरारा तर ११३ शर्यतींत ११३ वेळा हरली आणि त्यामुळेच देशभर लाडकी झाली. हे मी हिला मोठ्या आशेनं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे अजून एकशे सहा वेळा बघायचं का हे?"

तेवढ्यात तिची नजर वंशावळीवर गेली, आणि तिथून पुढे सूत्रं माझ्या हातात राहिली नाहीत. ही गेली बावीस वर्षं दर शनिवारी एका वधू-वर सूचक मंडळात बसते. फोटो बघून पगार सांगते आणि पगार ऐकून स्वभाव. तिनं चष्मा लावला.

"हे सगळं वडिलांकडचं झालं. आई कुठली?"

वंशावळीच्या तक्त्यात बापाची बाजू वर आणि आईची खाली छापतात. मी वरच्या अर्ध्यावर ४५ हजार घालवली होती, खालपर्यंत पोचलोच नव्हतो. त्या नामांकित घोड्याची आई कधी पळालीच नव्हती, आणि तिच्या आईनं पळून दिवे लावले होते.

"खाण तशी माती," ही म्हणाली. "मुलगा आजीवर गेलाय."

मग मी तिला मूळ इतिहास सांगितला. आजचे सगळे थरोब्रेड घोडे बापाकडून जेमतेम तीन पूर्वजांपर्यंत पोचतात: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. त्यांतला डार्ली अरेबियन १७०४ मध्ये अलेप्पोहून इंग्लंडात यॉर्कशायरला नेला, आणि आजच्या शंभरांतल्या सुमारे पंचाण्णव घोड्यांचा पुरुषवंश त्याच्यापाशी जातो.

"म्हणजे गोत्रं तीन, आणि पंचाण्णव टक्के सगोत्र!" तिनं कपाळावर हात मारला. "आणि हे राजरोस छापतात?"

छापतात, इंग्लंडात १७९१ पासून वह्या आहेत. उलट एकच पूर्वज दोन्हीकडून आला, तर "३ × ४" असं अभिमानानं लिहितात, म्हणजे एका बाजूला तिसऱ्या पिढीत आणि दुसऱ्या बाजूला चौथ्या. ती जरा विचारात पडली. "तिसरी-चौथी पिढी ना? मग चालेल. आपल्याकडे मामाची मुलगी चालते, ही तर जनावरं."

डार्लीच्या वंशाचा विस्तार झाला मुख्यतः एक्लिप्स नावाच्या घोड्यामुळे. तो १७६४ मध्ये सूर्यग्रहणाच्या दिवशी जन्मला म्हणून ते नाव. अठरा शर्यती पळाला, एकदाही हरला नाही.

"ग्रहणातला जन्म," ही पुटपुटली. "आमच्या मंडळात त्याचा फॉर्मसुद्धा घेतला नसता."

कोजागिरीसाठी दुसऱ्या खेपेचं स्थळ तिनं शोधलं. दोन संध्याकाळी ती यादी चाळत होती. बड्या घरचे घोडे तिनं एका बोटानं वर सरकवले आणि शेवटी ८०० नाण्यांचा एक कुमैत घोडा काढला. मोठी शर्यत एकही जिंकलेली नाही. मात्र एक्केचाळीस वेळा पळालेला, एकदाही लंगडला नाही, सात वर्षं एकाच पागेत.

"नोकरी टिकवणारा मुलगा आहे," तिनं निकाल दिला. "कर्तबगार घरी बसतात आणि असले संसार ओढतात."

मी विरोध केला नाही. सिॲटल स्लू हा घोडा साडेसतरा हजार डॉलरला मिळाला होता, आणि १९७७ मध्ये एकदाही न हरता त्यानं अमेरिकेचा तिहेरी मुकुट जिंकला. तेव्हा ८०० नाण्यांना मी हसावं अशी माझी परिस्थिती नव्हती. यंदा तारीखही हिनंच बघितली, आणि शिंगरू खेळातल्या जानेवारीत झालं. पहाटेचा जन्म म्हणून नाव भूपाळी.

भूपाळीचं चित्र मी शहाद्याला आमच्या जुन्या हेड कॅशियरना पाठवलं. शहाद्याला मी तीन वर्षं बदलीवर होतो. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे हे गृहस्थ दर वर्षी रजा टाकून जायचे आणि काही न घेता शंभर घोड्यांचे दात बघून यायचे. त्यांचा लगेच फोन आला.

"साहेब, देवमण आहे का? गळ्याखाली भोवरा बघा."

"चित्रात भोवरे दाखवत नाहीत हो."

"दात?"

"तोंड मिटलेलं आहे."

"चंदी किती देता?"

"तीन नंबरचं बटण दाबतो. दिवसातून एकदा."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. "लीद किती पडते, साहेब?"

"लीद नाही पडत."

"मग तो घोडा नाही, साहेब. फोटो आहे."

त्यानंतर दिवाळीपर्यंत मी त्यांना फोन केला नाही.

भूपाळीची पहिली शर्यत होती सोळाशे मीटरची, गवतावर. हिनं मालिका बंद केली, यावरून काय ते समजा. दहा घोडे. पहिली ओळ आली, "सगळे बरोबर सुटले." हिनं माझ्याकडे असं बघितलं की आजवर उशिरा सुटत होतो तो मीच. चारशे मीटरला भूपाळी सातवी. आठशेला सातवी. बाराशेला सातवी.

"बापासारखी आहे," ही म्हणाली. "जागा सोडत नाही."

मग ओळ आली, "भूपाळी बाहेरच्या बाजूनं निघाली." मी खुर्चीवरून उठलो. "भूपाळी चौथी." ही उठली. "भूपाळी आणि आघाडीचा घोडा बरोबरीत." इथे इंटरनेट गेलं.

पुढची अकरा मिनिटं आम्ही दोघं साठी उलटलेली माणसं त्या डब्याच्या लुकलुकत्या दिव्यासमोर हात जोडून उभी होतो. हिनं सारसबागेच्या गणपतीला नारळ बोलला. खोट्या घोडीसाठी खरा नारळ, असं माझ्यातला कर्जअधिकारी म्हणाला, पण मोठ्यानं नाही. दिवा हिरवा झाला. भूपाळी मुंडक्यानं जिंकली होती. मुंडक्यानं म्हणजे डोक्याच्या लांबीइतक्या अंतरानं, हे मी सांगेपर्यंत ही शेजारी सांगायला गेलीसुद्धा. काय सांगितलं माहीत नाही, पण शेजारच्या काकू दुसऱ्या दिवशी पेढे आहेत का विचारून गेल्या.

पुढे भूपाळी अकरा वेळा पळाली आणि आणखी तीनदा जिंकली. चौथ्या वर्षी आम्ही तिला पळण्यातून निवृत्त केली. आणि फाल्गुनात स्थळ आलं.

स्थळ आयर्लंडचं, त्या "तरीच"वाल्या गृहस्थांचं. त्यांचा घोडा क्लबाची डर्बी जिंकलेला, फी साठ हजार. ती आपल्याला माफ, पहिलं शिंगरू तुमचं, दुसरं आमचं, असं मोठ्या अदबीनं लिहिलेलं पत्र. मी हुरळलो. मी हिला हेही समजावलं की थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतनाला सक्त मनाई आहे, लग्न समोरासमोरच लागावं लागतं. आमचा क्लब ऑनलाइन असूनही ऑनलाइन लग्न चालवून घेत नाही. तेव्हा भूपाळी आयर्लंडला जाणार. घरातून परदेशी जाणारी दुसरी.

"मुलगा तिथेच असतो ना कायम?" हिनं विचारलं.

आता खोटं कसं बोलणार? मोठे घोडे हल्ली उत्तरेतला हंगाम संपला की विमानानं ऑस्ट्रेलियाला जातात, कारण तिथला हंगाम वर्षाच्या उत्तरार्धात असतो. शिंगरांचा वाढदिवसही तिथे १ ऑगस्टला. म्हणजे सहा महिने आयर्लंड, सहा महिने ऑस्ट्रेलिया.

"आणि तिकडे काय करतो?"

"तेच."

"किती जणींबरोबर?"

"एका हंगामात शंभर-सव्वाशे. मोठा घोडा आहे."

ही चष्मा काढून पुसायला लागली. मंडळात हा चष्मा पुसला गेला की समोरच्या वरपित्यानं चपला शोधाव्यात.

"कळवतो म्हणून लिहा."

मी "कळवतो" लिहिलं. आयर्लंडात कळवतोचा अर्थ कळवतो असाच होत असावा, कारण आठवड्यानं गृहस्थांनी विचारलं, मग काय ठरलं? मी हिच्याकडे बघितलं.

"स्पष्ट नकार देऊ नये, वाईट दिसतं. पत्रिका जुळत नाही म्हणून लिहा."

पत्रिकेला योग्य इंग्रजी शब्द शोधण्यात माझी दुपार गेली. जन्मवेळेवरून ग्रहांचा मेळ बसत नाही, असं काहीतरी लिहिलं. रात्री उत्तर आलं. अत्यंत सभ्य. त्यांनी लिहिलं होतं की आमच्या परंपरेचा त्यांना आदर आहे, फक्त एक शंका आहे. त्यांचा घोडा आणि आमची घोडी एकाच वर्षाची. दोघांचीही जन्मतारीख क्लबाच्या वहीत १ जानेवारी, वेळ मध्यरात्र. मग दोघांचे ग्रह अगदी एकसारखे असणार. न जुळायला जागा कुठे राहिली?

मी ते हिला वाचून दाखवलं. बावीस वर्षांत मंडळात कोणी हे विचारलेलं नव्हतं. तिनं मटार सोलायचं थांबवलं. मला वाटलं, भूपाळी आता आयर्लंडला जाणार.

"तारीख एक, वेळ एक?"

"हो."

"म्हणजे नक्षत्र एक, नाड एक." तिनं पुढची शेंग उचलली. "त्यांना लिहा, एकनाड आहे."