आधी कोणी जायचं?

कुकरच्या झाकणावर शिट्टीच्या शेजारी एक छोटासा, गोल, दिसायला अगदीच सामान्य भाग असतो. सेफ्टी व्हॉल्व्ह. शिट्टीचं घरात केवढं कौतुक! तिच्या हिशेबावर वरण-भात ठरतो, आंघोळीला गेलेला माणूससुद्धा आतून ओरडून ‘किती झाल्या?’ असं विचारतो. व्हॉल्व्हकडे मात्र वर्षानुवर्षं कुणी ढुंकून बघत नाही. मग एखाद्या दिवशी पाणी आटतं, किंवा डाळीचं टरफल वाफेच्या वाटेत अडकतं. आतली उष्णता चढत जाते, व्हॉल्व्हमधला लवकर वितळणारा मिश्रधातू वितळतो आणि वाफेला वाट मिळते. छतावर वरणाचा नकाशा उमटतो, पण कुकर वाचतो आणि आपणही वाचतो. जातो तो फक्त व्हॉल्व्ह, आणि त्याची नेमणूकच त्यासाठी झालेली असते.

या नेमणुका इंजिनिअर करतात. चित्रगुप्ताची वही माणूस गेल्यावर उघडते. इंजिनिअरांची वही वस्तू जन्मण्याआधीच लिहून तयार असते. कुणी आधी जायचं, कुणी मागे राहायचं, सगळं कागदावर. देनी पापँ या फ्रेंच गृहस्थाने 1679 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला हाडं मऊ शिजवणारं, कुकरसारखं बंद भांडं दाखवलं आणि त्यासाठी वजनाने दाबून धरलेली झडपही शोधून काढली. 1682 मध्ये सोसायटीची विद्वान मंडळी त्या भांड्यात शिजवलेलं जेवण जेवली. झडप नसती तर इंग्लंडमधल्या विज्ञानाचा इतिहास त्या संध्याकाळी बराच आटोपशीर झाला असता.

मिक्सरच्या बुडाशी मोटार आणि भांड्याच्या मध्ये बसणारा कपलर हाही त्याच जातीचा. ओलं खोबरं पाणी न घालता वाटायचा हट्ट धरला की भांड्यातली पाती अडतात, मोटार मागे हटत नाही आणि मध्ये सापडलेल्या कपलरचे दात झिजून जातात. दुरुस्तीवाला तो बोटांत धरून दाखवतो आणि म्हणतो, “काकू, हा गेला म्हणून मोटार वाचली.” काकूंना मात्र एवढंच दिसतं की मिक्सर बंद पडला. जो वाचवतो त्यालाच शिव्या, हा न्याय यंत्रांनाही चुकलेला नाही. जुन्या पितळी पातेल्यांत हे काम कल्हईकडे असायचं. आंबट वरण कळकू नये म्हणून कथलाचा पातळ थर स्वतः झिजायचा, कल्हईवाला आला की पुन्हा चढायचा, आणि पातेलं नातवंडांपर्यंत पोचायचं.

इथवर इंजिनिअर देवमाणूसच वाटतो. पण त्याच वहीत दुसऱ्या प्रकारच्या नोंदीही आहेत.

डिसेंबर 1924 मध्ये जिनिव्हात जगातले मोठे दिवे-कारखानदार जमले. जर्मनीची ऑसराम, हॉलंडची फिलिप्स, हंगेरीची टंगस्राम आणि आणखी काही. मंडळाला नाव दिलं फोबस, म्हणजे साक्षात सूर्यदेव. तेव्हा दीड-दोन हजार तास जळणारे दिवे मिळत होते. या मंडळींनी मर्यादा ठरवली 1000 तासांची. मग कारखान्या-कारखान्यांतून नमुने तपासणीला जाऊ लागले आणि ज्याचा दिवा जास्त जगेल त्याला दंड होऊ लागला! 1926 मध्ये सरासरी आयुष्य 1800 तास होतं, ते 1933-34 पर्यंत 1205 वर आलं. हे आपोआप झालेलं नाही. कुणीतरी हुशार माणसं सकाळी डबा घेऊन कामावर जात असणार आणि दिवसभर खपून दिवा लवकर कसा जाईल ते शोधत असणार. संध्याकाळी घरी आल्यावर ‘आज काय केलंत?’ या प्रश्नाला ती काय उत्तर देत असतील, याचं मला फार कुतूहल आहे.

त्यांची बाजूही ऐकली पाहिजे. टंगस्टनची तार जितकी जास्त तापवाल तितका त्याच विजेत जास्त आणि पांढरा प्रकाश, आणि तितकीच ती तार लवकर झडते. दीर्घायुष्य हवं तर मिणमिणतं जगावं लागतं. 1951 मध्ये ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगानेही हजार तास ही बरी तडजोड असल्याचं मान्य केलं. पुरावा हवा असेल तर कॅलिफोर्नियात लिव्हरमोरच्या अग्निशमन केंद्रात टांगलेला 1901 पासूनचा दिवा बघावा. सव्वाशे वर्षांनीही तो जळतो आहे, पण चार वॅटच्या आसपास. त्याच्याखाली पत्रिकासुद्धा वाचता येणार नाही. काही घरांतल्या दीर्घायुषी वडीलधाऱ्यांसारखं त्याचं काम एकच, असणं. 2013 च्या मे महिन्यात तो रात्रीतून विझलेला दिसला आणि त्याच्यावर रोखलेल्या कॅमेऱ्यातून बघणाऱ्या जगभरच्या भक्तांचा धीर सुटला. सकाळी इलेक्ट्रिशियनने येऊन तपासलं. दिवा ठणठणीत होता. त्याला अखंड वीज मिळावी म्हणून बसवलेलं आधुनिक यंत्र गेलं होतं.

फोबस मंडळ दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत मोडलं. पण हिशेब चालूच राहिला. आता फोनची बॅटरी डिंकाने अशी चिकटवतात की ती गेली की फोनलाच सोबत न्यायचं. यात जाणारा कुणाला वाचवत नाही, हाच काय तो फरक, आणि मला तो फार मोठा वाटतो.

यावर युरोपीय संघाने उपाय काढला आहे. 20 जून 2025 पासून तिथे बाजारात येणाऱ्या स्मार्टफोनची बॅटरी 800 वेळा पूर्ण चार्ज होऊन रिकामी झाल्यावरही मूळ ताकदीच्या किमान 80 टक्के उरली पाहिजे. जिनिव्हाला ठरलं होतं की अमुकपेक्षा जास्त जगायचं नाही. शंभर वर्षांनी ब्रसेल्सला ठरलं की अमुकपेक्षा कमी जगायचं नाही. आराखडा काढणाऱ्या इंजिनिअरने दोन्ही वेळा पेन्सिल कानामागून काढून बहुधा एकच प्रश्न विचारला असेल, “साहेब, आकडा किती धरू?”