रूम बघून घ्या, साहेब!

प्रति,
मा. लॉजमालक,
एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर, कोल्हापूर



आपल्या लॉजचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. हे पत्र वाचून राज्यातल्या प्रत्येक स्टँडसमोरच्या मालकाला ‘हे मलाच लिहिलंय’ असं वाटणार आहे. मग तो मान आपण एकट्यानेच का घ्यावा?

आधीच सांगतो, तक्रार रूम साधी होती म्हणून नाही. हजाराच्या आत खोली मागणाऱ्याने संगमरवर मागू नये, एवढं आम्हा लाल डब्यातून फिरणाऱ्यांना कळतं. आमची मागणी पंखा, पाणी, आतून लागणारी कडी आणि धुतलेली चादर, एवढ्यावर संपते. पंखा होता. अगदी प्रामाणिकपणे होता, रात्रभर आवाज देऊन हजेरी लावत होता.

‘रूम बघून घ्या, साहेब,’ म्हणून आपल्या पोऱ्याने पहिल्या मजल्यावरची खोली दाखवली. रस्त्याकडे खिडकी, पांढरीस्वच्छ चादर, उशाशी प्लग. मी पैसे मोजले आणि चावी हातात पडली ती मागच्या अंगाच्या खोलीची. ‘सेम टू सेम आहे, साहेब.’ खिडकी होतीच, फक्त तिच्यापुढे हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत होती. अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेरीस मावळतीची किरणं मूर्तीपर्यंत पोचतात आणि तो किरणोत्सव पाहायला माणसं दाटीवाटीने उभी राहतात. आपल्या खोलीत सूर्याची तेवढीही ये-जा नाही. ती पहिल्या मजल्यावरची खोली बहुधा कुणालाच देत नसाल. दाखवायची खोली वेगळी, द्यायची वेगळी.

चादर बदललेली होती, असं आपला मॅनेजर म्हणाला. बदलली होती खरी, पण वरची बाजू खाली करून. कडेची शिवण उलटी दिसत होती म्हणून कळलं. आरशावर मात्र कुणाचा हात फिरलेला नव्हता. डाव्या कोपऱ्यात टिकल्या चिकटवलेल्या होत्या: दोन लाल, एक मरून आणि एक चंद्रकोर. चादर तीच असली तरी पाहुणे बदलत असतात, याचा तेवढाच लेखी पुरावा.

आता गरम पाणी. काउंटरमागच्या पाटीवर ‘24 तास गरम पाणी’. सकाळी नळ सोडला तर हात बधिर. खाली फोन केला. ‘सोलर आहे ना साहेब, ऊन पडलं की येईल.’ ऊन पडल्यावर पुन्हा फोन केला. ‘वरून सोडलंय, पाच मिनिटं नळ चालू ठेवा.’ ठेवला. बादली भरून वाहिली, पाणी पहिल्या धारेइतकंच गार. शेवटी पोऱ्या एक बादली घेऊन आला आणि दारात उभा राहिला. वीस रुपये. ते पाटीवर नव्हते.

रजिस्टर भरताना आधारची झेरॉक्स मागितलीत. फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार पुढे केलं, तर ‘हे चालत नाय, पूर्ण नंबर पायजे.’ आधीच्या पाहुण्यांचे पूर्ण नंबर किती जपून ठेवता, तेही तिथेच दिसलं. एका बाईंच्या झेरॉक्सवर मॅनेजरचा चहाचा ग्लास होता. त्यांच्या जन्मतारखेभोवती तपकिरी गोल उमटला होता.

1867 साली इंग्रजांनी सराई कायदा केला. सराई मॅजिस्ट्रेटचं समाधान होईल इतकी स्वच्छ ठेवावी आणि दरपत्रक लोकांना दिसेल असं लावावं, हे त्यात लिहिलेलं आहे. म्हणजे आपल्या पूर्वसुरींची कीर्ती राणीच्या सरकारपर्यंतही गेली असावी. दरपत्रक आपणही लावलंय म्हणा. त्याच्यावर कॅलेंडर टांगलंय, इतकंच.

स्वस्तात असंच मिळणार, हा आपला आवडता युक्तिवाद. शेगावला गजानन महाराज संस्थानाच्या भक्तनिवासात एकदा उतरून या. दर आपल्यापेक्षा जास्त नाही, आणि फरशी अशी की चप्पल काढावीशी वाटते. तिथे सेवेकरी आहेत, आपल्याकडे पगारी माणसं आहेत, मान्य. मग मुंबई सेंट्रल स्टेशनवरचं, 2021 साली सुरू झालेलं पॉड हॉटेल बघा. झोपायला खोकं देतात, पण खोकं म्हणूनच विकतात. ‘डिलक्स’ म्हणत नाहीत.

एवढ्यावर मी गप्प बसलो असतो. पण निघताना आपण बिलात 12 टक्के ‘टॅक्स’ लावलात. हजारापर्यंतच्या खोलीवर 18 जुलै 2022पर्यंत जीएसटी नव्हताच. तेव्हापासून 12 टक्के लागला. 22 सप्टेंबर 2025पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला तो 5 टक्के झाला. ही बातमी आपल्या काउंटरपर्यंत अजून पोचायची आहे, असं दिसतं. बरं, 12 तर 12. पक्की पावती मागितली, तर मॅनेजरने वहीच्या पानाचा कोपरा फाडून त्यावर आकडा लिहून दिला. ना लॉजचं नाव, ना नंबर. सरकारच्या नावाने घेतलेले पैसे सरकारला पोचल्याचा कागद मागणं हा आमच्यासारख्यांचा आगाऊपणा असेल, पण उत्सुकता आहे. नोंदणीच नसेल, तर हा कर आपण कुणासाठी गोळा करता?

ती पावती तेवढी पाठवून द्या. माझा पत्ता रजिस्टरात आहे. गाव, पिनकोड, कोठून आलो, कोठे जाणार, येण्याचे कारण, सगळं लिहून घेतलंय आपण. जीएसटी नंबरचा रकाना फक्त आपला आहे. तो भरा.

आपला,
मागच्या बाजूच्या खोलीतला पाहुणा