हंडा वाटूर फाट्यावर आधी पोचला

इंग्लंडात रविवारी लोक जे उद्योग करतात, त्यांतला एक म्हणजे दुसऱ्याच्या शेतात जाऊन जमिनीला कान लावणं. त्यासाठी रीतसर क्लब असतात. शेतकऱ्याची परवानगी काढायची, ठरलेले पौंड मोजायचे आणि सगळ्यांनी मिळून मेटल डिटेक्टर फिरवत दिवसभर रान तुडवायचं. बहुतेकांना बटणं सापडतात. पण 2009 साली स्टॅफर्डशर परगण्यात अशाच एका शेतात अँग्लो-सॅक्सन काळातल्या सोन्याचा साठा निघाला. त्याची किंमत 32 लाख 85 हजार पौंड ठरली, ती शोधणारा आणि शेतमालक यांच्यात वाटली गेली, आणि आमच्या नाणेसंग्राहक मंडळाचं स्वास्थ्य कायमचं बिघडलं.

त्यात मंडळातल्या नानांच्या विलायतेतल्या जावयाने सासऱ्यांना तसलं यंत्रच आणून दिलं.

आपल्याकडे जमिनीखालचं शोधणारे दोनच प्रकारचे. एक पुरातत्त्व खात्याचे. ते दिवसा, ब्रश घेऊन येतात. दुसरे अमावास्येला, कुदळ घेऊन. त्यांच्या मागोमाग पोलीस येतात. डबा, टोपी आणि सतरंजी घेऊन येणारा तिसरा प्रकार सुरू करावा, असं मंडळाच्या बैठकीत ठरलं. संरक्षित वास्तू आणि पांढरीची टेकाडं यांच्या वाटेला जायचं नाही, हेही ठरलं. उरलं एखाद्याचं साधं वावर. चिटणिसांच्या मामांची शेती मंठ्याजवळ आहे. मामा फोनवर म्हणाले, "या की. आमच्या रोटाव्हेटरचं एक पातं तुटून मातीत गेलंय अन् कापूस वेचताना तुमच्या मामीचं जोडवं हरवलंय. तेवढं सापडलं तर बाकीचं सोनं तुम्हीच न्या."

सकाळी नाना, चिटणीस, मास्तर, डॉक्टर आणि मी असे जीपने छत्रपती संभाजीनगरहून निघालो. जालन्याला सळयांचे कारखाने दिसताच मास्तरांनी हिशोब मांडला, की सोनं नाही तरी लोखंड सापडेलच आणि या गावात भंगाराला मरण नाही. सारं वितळून त्याच्या सळया होतात. मग त्यांनी याच जिल्ह्यातल्या भोकरदनचा विषय काढला. भोकरदन म्हणजे सातवाहनकाळातलं भोगवर्धन. तिथे 1973 च्या उत्खननात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली, आणि तिच्या जातकुळीतली दुसरी थेट इटलीत, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत सापडलेली आहे. केवढा हा जिल्हा! आम्ही भारावून गेलो. तेवढ्यात डॉक्टरांनी विचारलं, "हस्तिदंताला हे यंत्र वाजतं का?" वाजत नाही. वाटूर फाट्यापर्यंत जीपमध्ये कोणी बोललं नाही.

मामांच्या रानातल्या पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या. जमीन काळी, भेगाळलेली, उघडी. नानांनी कानांना हेडफोन लावला आणि तबकडी जमिनीलगत फिरवायला सुरुवात केली. तबकडीतून बदलतं चुंबकीय क्षेत्र खाली जातं, धातू भेटला की त्यात वीज खेळते, त्या विजेचं उलटं उत्तर वर येतं आणि यंत्र वाजतं, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. आमच्या मातीत काय काय आहे, ते मात्र त्यात नव्हतं. मराठवाड्याची काळी माती बेसाल्ट झिजून झालेली, लोहखनिजाचे कण पोटात बाळगणारी. यंत्र बांधावर वाजलं, सरीत वाजलं, चिंचेखाली वाजलं. नाना हर्षाने म्हणाले, "सगळीकडे आहे!" यंत्राची मातीशी ओळख करून देण्यासाठी एक बटण असतं, ते सापडेपर्यंत आम्ही अर्धा एकर श्रीमंत होतो.

बटण दाबल्यावर खरी मिळकत सुरू झाली. एक नट. दोन वायसर. बैलाच्या नालाचा तुकडा. बाटल्यांची बुचं, वरच्या थरात नवीन आणि खाली जुनी, त्यामुळे मास्तरांना कालखंड पाडता आले. डोकेदुखीच्या गोळ्यांची चांदी. शेवटी वीतभर खाली रोटाव्हेटरचं पातं, वाकडं, गंजाने लाल झालेलं. मामांनी ते मातीसकट उचललं, धोतराच्या सोग्याला पुसलं आणि गुडघ्यावर टेकवून त्याच्या धारेवरून अंगठा फिरवत म्हणाले, "चालंल अजून."

एव्हाना बांधावर गर्दी जमली होती.

"काय शोधू राह्यले?" एकाने विचारलं.

"रोटाव्हेटरचं पातं," मी म्हणालो.

"आन् त्यासाठी औरंगाबादहून जीप भरून आले?" तो एवढंच बोलला, पण त्या प्रश्नापुढे आमची बाजू लंगडी पडली. मग ज्याला त्याला आठवू लागलं. कुणाच्या आज्याने चिंचेखाली भुजंग पाहिला होता. रझाकारांच्या धामधुमीत एका सावकाराने रातोरात काहीतरी पुरलं होतं, आणि ते नेमकं कुठे, याची सात ठिकाणं गावाला पाठ होती. कोणी पायाळू माणूस आणायला निघालं. तळहातावर नारळ उभा करून विहिरीची जागा सांगणारे एक बाबा आले, त्यांनी यंत्राकडे पाहिलं आणि "याला शेल लागतो का? आपल्याला नाही लागत," म्हणून व्यावसायिक तुच्छतेने बाजूला बसले. मामांचे एक भाऊबंदही आले. त्यांचा मुद्दा कायद्याचा होता. वाटण्या झाल्या त्या वरच्या जमिनीच्या. खालचं अजून सामायिक आहे.

तेवढ्यात पोलीस पाटील आले. त्यांनी आधी आमच्या पिशव्या पाहिल्या. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठीचे अघोरी प्रकार येतात, हे त्यांना तोंडपाठ होतं. डॉक्टरांच्या पिशवीतून डझनभर लिंबं निघाली.

"सरबताची आहेत," डॉक्टर म्हणाले.

"डझनभर?"

"ऊन आहे हो, पाटील."

साखर दाखवली तेव्हा कुठे प्रकरण निवळलं. पाटलांनी मग 1878 चा कायदा सांगितला. जमिनीत दडलेलं दहा रुपयांवरचं काहीही सापडलं, तर कलेक्टरला लेखी कळवायचं. नाही कळवलं तर तुरुंग. बेवारस ठरलं आणि आपसात करार नसला, तर तीन हिस्से शोधणाऱ्याचे, एक जमीनमालकाचा. हे ऐकून भाऊबंदांनी नानांच्या हातातलं यंत्र धरून पाहिलं. दहा रुपये ही मर्यादा 1878 पासून तीच आहे. देशात महागाई भत्ता लागू न झालेली गुप्तधन ही एकच गोष्ट असावी.

आणि नेमकं तेव्हाच यंत्र गोड वाजलं. खुरप्याने ढेकूळ फुटलं आणि तांब्याचा एक हिरवट पैसा बाहेर आला. नानांनी थुंकीने पुसला, भिंग लावलं. निजामाचा हाली सिक्का, दोन पै, वर तुघरा. साल पार झिजलेलं. उस्मान अलीच्या काळातला, यावर एकमत झालं. पण किंमत? आम्ही सारे जन्मभर नाण्यांचे भाव चढवण्यात मुरलेले. त्या दिवशी प्रथमच उलटा लिलाव झाला.

"वीस मिळतील," मास्तर चुकून बोलून गेले.

"छे! नऊ," चिटणीस घाईने म्हणाले.

"झिजलाय. सात."

"पाच! पाचाच्या वर एक पै नाही!" नाना ओरडले.

बांधावरच्या गर्दीला नाणं दिसत नव्हतं, आकडे तेवढे ऐकू जात होते. वीस, नऊ, सात, पाच. कशाचे पाच, हे ज्याने त्याने आपल्या मगदुराप्रमाणे ठरवलं. पाटलांनी कागदावर 'तांब्याचा पैसा, नग एक' असं लिहून घेतलं आणि सोमवारी तहसीलला जमा करतो म्हणून तो रुमालात बांधला. जोडवं काही सापडलं नाही. मामींनी मात्र भाकरी, ठेचा आणि पिठलं असं वाढलं, की कायदा, सातवाहन आणि निजाम तिघेही मागे पडले.

जमिनीत काही आहे, हे दाखवायला एक खड्डा पुरतो. काही नाही, हे पटवायला अख्खा तालुका खणावा लागेल, आणि तरी लोक म्हणतील, जिल्ह्याच्या हद्दीवर पुरलं असेल. संध्याकाळी वाटूर फाट्यावर चहाला उतरलो, तेव्हा हे कळलं. हॉटेलवाला गल्ल्यावरून सांगत होता, "मंठ्याकडं आज हंडा निघाला. पाच किलो. शहरातले लोक जीपमध्ये टाकून घेऊन गेले."

"तुम्ही पाहिला?" मास्तरांनी विचारलं.

"माझ्या साडूने पाहिला."

"अहो, पैसा होता, एक पैसा! तांब्याचा!"

हॉटेलवाल्याने मास्तरांकडे दयेने पाहिलं. "तुम्हाला तसं सांगितलं असंल. मोठा माल असला का एखादा पैसा पुढं करतेत. खरा माल कोण दाखवतो?"

आम्ही हसत हसत जीपमध्ये बसलो. जालना येईपर्यंत हसणं ओसरलं. अंधारात मागच्या सीटवर नाना यंत्र मांडीवर घेऊन गप्प बसले होते.

"नाना," चिटणीस सहज विचारावं तसं म्हणाले, "जेवणानंतर तुम्ही यंत्र घेऊन ओढ्याकडे एकटेच गेला होतात ना?"

"लघवीला," नाना म्हणाले.

"यंत्र घेऊन?"

नाना काही बोलले नाहीत. पुढचा सगळा रस्ता आम्ही चौघं त्यांच्या कोटाच्या खिशाकडे बघत होतो.